चोवीस मिनिटांचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, जिथे कुठे रेडिओ लावून बसला असाल तिथे सगळ्यांना नमस्कार. आज बोलायचं आहे ॲनिमेबद्दल, म्हणजे जपानी चित्रमालिकांबद्दल. तेही मोघम नाही, काही ठरावीक भाग घेऊन. शेवट काय होतो हेही सांगणार आहे. ज्यांना आधी कळायला नको असेल त्यांनी खुशाल चहा ठेवायला जावं.

भाग आवडला का असं कॉलेजच्या पोरांना विचारलं की उत्तर बहुतेक मारामारीवरच येतं. ‘फाइट भारी होती’ किंवा ‘काहीच घडलं नाही’. माझं म्हणणं वेगळं आहे. भागानं आपला वेळ आणि आपली चित्रं कुठे खर्च केली आणि कुठे राखून ठेवली, ते पाहा. भाग चांगला की वाईट, ते तिथे कळतं.

आधी हिशेब समजून घेऊ. टीव्हीवरचा एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट. गोष्टीला उरली सुमारे २१ मिनिटं, आणि तीही मधल्या जाहिरातीसाठी दोन तुकड्यांत कापलेली. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे फ्रेम, जातात, पण प्रत्येक चौकटीला नवं चित्र कुणी काढत नाही. एक चित्र दोन चौकटी धरलं तर सेकंदाला १२ चित्रं लागतात, तीन चौकटी धरलं तर ८. बोलण्याच्या प्रसंगात चेहरा स्थिर असतो आणि फक्त ओठ बदलतात: बंद, अर्धे उघडे, पूर्ण उघडे. ही काटकसर जुनी आहे. १ जानेवारी १९६३ रोजी ओसामू तेझुका यांच्या मुशी प्रॉडक्शनची ‘ॲस्ट्रो बॉय’ जपानी टीव्हीवर सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग द्यायचा म्हणजे चित्रं वाचवणं भागच होतं. एकदा काढलेला तुकडा पुन्हा वापरायचा, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकवायचा. आपल्याकडे शिवजयंतीच्या चित्ररथावर मावळा तलवार उगारून तसाच उभा असतो आणि ट्रॅक्टर पुढे सरकला की लढाई चालू आहे असं वाटतं, त्यातलाच हा प्रकार.

म्हणून ‘इथे चित्र हललंच नाही’ ही तक्रार मी तक्रार मानत नाही. कुठे हललं नाही, एवढंच विचारतो.

आता ‘फ्रीरेन’. मॅडहाउस स्टुडिओ, दिग्दर्शक केइइचिरो साइतो, संगीत इव्हान कॉल यांचं. पहिल्या मालिकेचे २८ भाग. २९ सप्टेंबर २०२३ ला पहिले चार भाग दोन तासांच्या एकाच कार्यक्रमात, शुक्रवारच्या सिनेमाच्या वेळेला दाखवले गेले. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण पहिला भाग एकटा पाहिला तर निम्मे लोक पळून जातील. त्यात राक्षसराजाला मारून झालेलं आहे. वीर हिमेल, पुरोहित हायटर, बुटका योद्धा आयझेन आणि हजार वर्षांहून जास्त जगलेली जादूगार फ्रीरेन दहा वर्षांच्या मोहिमेवरून घरी परततात आणि तिथून गोष्ट सुरू होते. दर पन्नास वर्षांनी पडणारा उल्कावर्षाव चौघं बघतात, पुढच्या वेळी याहून चांगली जागा दाखवते असं फ्रीरेन सांगते आणि निघून जाते. ती परत येते तेव्हा हिमेल म्हातारा झालेला असतो, डोक्यावर केस नसतात.

या भागानं पन्नास वर्षं भराभर उरकली आहेत आणि वेळ राखलाय तो हिमेलच्या अंत्यसंस्कारासाठी. आधी फ्रीरेन रडत नाही, लोक कुजबुजतात. मग ती रडते, आणि कारण सांगते की मी या माणसाबद्दल काही जाणून घ्यायचा प्रयत्नच केला नाही. पन्नास वर्षं इतकी पटकन सरली नसती तर हे रडणं उपरं वाटलं असतं. आपल्यालाही ती वर्षं क्षणभरच वाटली, म्हणून तिची चूक आपल्याला आतून कळते. हाच भाग दीडपट वेगानं पाहिला तर काय होतं? जे भराभर होतं ते आणखी भराभर होतं, आणि जे थांबलेलं होतं तेही पळायला लागतं. दोन्हींतला फरक गेला की भागच गेला. वेग वाढवून पाहणाऱ्यांना ही मालिका कंटाळवाणी वाटते त्याचं कारण हे.

तिसऱ्या भागात क्वाल नावाचा राक्षस ऐंशी वर्षांच्या बंदिवासातून बाहेर येतो. त्याचा मंत्र एकेकाळी इतका घातक होता की त्या मुलखातले चाळीस टक्के साहसी आणि सत्तर टक्के जादूगार त्यानं मारले. पण मधल्या काळात माणसांनी तो मंत्र अभ्यासला, त्यावर ढाल शोधली आणि शेवटी तोच मंत्र शिकवणीत आणला. फ्रीरेनची शिष्या फर्न तो हल्ला अगदी साध्या संरक्षक मंत्रानं अडवते. लढाई छोटी आहे. तिच्या आत तंत्रज्ञान जुनं कसं होतं याचा अख्खा धडा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या वर्कशॉपवाल्यांना तो चटकन कळेल.

दहाव्या भागाबद्दल जास्त बोललं पाहिजे. औरा ही राक्षसीण, पाचशे वर्षांहून जास्त जगलेली. तिच्याकडे एक तराजू आहे. दोघांची जादूशक्ती त्यात तोलली जाते, जिची कमी भरेल ती दुसरीची गुलाम. राक्षसांमध्ये शक्ती हीच प्रतिष्ठा, म्हणून शक्ती लपवावी हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. फ्रीरेननं मात्र गुरू फ्लामेच्या सांगण्यावरून आयुष्यभर आपली शक्ती दाबून धरलेली आहे. म्हणजे लढाईचा निकाल हजार वर्षांपूर्वीच लागलेला. मग भागानं काय करावं? हाणामारी दाखवावी? त्यानं ती जवळजवळ टाळली आहे आणि बराच वेळ फ्लामेच्या आठवणींना दिला आहे. तिला सगळ्यात आवडणारा मंत्र कोणता, तर फुलांचा ताटवा फुलवण्याचा. तराजू कलतो तो क्षण मोजका आहे. त्यानंतर फ्रीरेन औराला स्वतःचा जीव घ्यायला सांगते, तेही आवाज न चढवता. चित्रं वाचवली, परिणाम वाढला. पहिल्या मालिकेतला सगळ्यात चोख भाग कोणता विचाराल तर मी दहावा सांगेन.

उलट बाजूही सांगतो. अठराव्या भागापासून जादूगारांची परीक्षा सुरू होते आणि मालिकेत एकदम माणसं वाढतात. नावं लक्षात राहत नाहीत, प्रत्येकाला आपली खासियत दाखवायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात, आणि आधीचा संथ, भरलेला वेळ इथे नुसता संथ होतो. दम धरायचा तो सव्विसाव्या भागासाठी. फ्रीरेन आणि फर्न मिळून फ्रीरेनच्याच हुबेहूब प्रतिकृतीशी लढतात. प्रतिकृतीत दोष कोणता, तर मंत्र सोडताना क्षणभर समोरच्याची जादू जाणवायची थांबते. तो क्षणभराचा दोष गाठण्यासाठी अख्खी लढाई रचली आहे, आणि राखून ठेवलेली सगळी चित्रं इथे सढळ हातानं उधळली आहेत.

हा भाग मोठ्या टीव्हीवर पाहणार असाल तर आधी एक काम करा. सेटिंग्जमध्ये पिक्चर, आणि त्यात हालचाल गुळगुळीत करणारी सोय असते. एलजीवर तिचं नाव ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, काही सेटवर नुसतं एमईएमसी. ती बंद करा. ही सोय दोन चौकटींच्या मध्ये स्वतःच्या मनानं नवी चौकट घालते. कॅमेऱ्यानं टिपलेल्या क्रिकेटला ते चालतं. पण जिथे चित्रकारानं मुद्दाम एक चित्र दोन किंवा तीन चौकटी धरलं आहे, तिथे यंत्राचा अंदाज चुकतो. हाताच्या कडा फाटतात, वेगानं जाणाऱ्या तलवारीभोवती लोण्यासारखा डाग येतो, आणि फटक्याचं वजन जातं. व्हिविड मोडही काढा, सिनेमा किंवा मूव्ही लावा, नाहीतर संध्याकाळचे मऊ रंग भडक होतात. फोनवर पाहणाऱ्यांना यातलं काही करायला नको. त्यांनी इअरफोन लावावा, एवढंच. इव्हान कॉल यांचं संगीत हळू आवाजात फार काम करतं आणि फोनच्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाही.

ज्यांना जादू-राक्षस नकोत त्यांच्यासाठी ‘द अपॉथेकरी डायरीज’. चीनसारख्या कल्पित राज्यातला राणीवसा आणि तिथे दासी म्हणून विकली गेलेली माओमाओ, जिला औषधं आणि विषं कळतात. पहिल्या भागात राण्यांची तान्ही मुलं आजारी पडतात. कारण निघतं चेहऱ्याला लावायची पांढरी पावडर, म्हणजे शिशाचा सफेदा. माओमाओ कापडाच्या चिंधीवर इशारा लिहून फुलांच्या फांदीला बांधून ठेवते. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरीचा मुलगा जातो. हे लिहिणारी कोण ते शोधायला राणीवशाचा कारभारी जिन्शी सगळ्या दासींना उभं करतो आणि एक कागद धरतो: तिथली ती वांगाचे डाग असलेली, तू थांब. थबकते एकटी माओमाओ, कारण वाचता येणारी तीच. एका कागदात शोध संपला. रहस्यकथा लिहिणाऱ्यांनी ही काटकसर शिकावी.

चौथा भाग त्याहून कडक आहे. मुलगा गमावलेली राणी लिहुआ मरणपंथाला लागते, कारण बंदी घालूनही तिची दासी लपवून तीच पावडर लावत राहते, मालकीण सुंदर दिसावी म्हणून. माओमाओचा राग या भागात खरोखर फुटतो. मग उपचार: विषाचं मूळ काढून टाकणं, पातळ पेज, घाम यावा म्हणून वाफारा. इथे एक दुरुस्ती करतो. शिसं घामावाटे फारसं निघत नाही; आज डॉक्टर रक्तातलं प्रमाण तपासतात आणि गरज पडली तर ते बांधून लघवीवाटे काढणारी औषधं देतात. मूळ थांबवणं हे मात्र आजही पहिलंच पाऊल आहे, आणि भागानं जोर तिथेच दिलाय. शिसं लहान मुलांना जास्त बाधतं हेही खरं.

‘डीमन स्लेयर’चा एकोणिसावा भाग बहुतेकांनी पाहिला असेल. युफोटेबल स्टुडिओ, ऑगस्ट २०१९. राक्षस मारणारा पोरगा तांजिरो विरुद्ध कोळ्यासारख्या धाग्यांनी लढणारा राक्षस रुई. पाण्याचं तंत्र पुरेनासं होतं तेव्हा त्याला वडिलांचा अग्नीचा नाच आठवतो, त्याची राक्षसीण झालेली बहीण नेझुको, तिच्या रक्तानं रुईचे धागे पेटतात, आणि नेहमीचं शेवटचं गाणं बाजूला ठेवून लढाईवरच दुसरं गाणं येतं. देखणेपणात खोट काढता येत नाही. पण खरी करामत विसाव्या भागात आहे. रुईनं वार बसायच्या आधीच आपल्या धाग्यानं आपली मान कापून घेतली होती, म्हणजे तांजिरो जिंकलाच नव्हता. एकोणिसावा पाहून टाळ्या वाजवून जे थांबले त्यांना अर्धीच गोष्ट मिळाली. आणि शेवटचं गाणं आलं की लगेच पुढच्या भागावर उडी मारणाऱ्यांनी ऑटोप्ले बंद ठेवावं. कित्येक भागांत श्रेयनामावलीनंतरही एखादा प्रसंग असतो.

भाषेचं विचारतात बरेच जण. आपल्या भागात घरी मराठी, शाळेत कन्नड, टीव्हीवर हिंदी, आणि सबटायटल इंग्रजी. पोरांना चार भाषांत उड्या मारायची सवय आहे. मराठी ट्रॅक सहसा सापडत नाही. काही मोठ्या मालिकांना हिंदी, तमिळ, तेलुगू डब मिळतो. लढाईच्या मालिका हिंदीत खुशाल पाहा, डोळे चित्रावर राहतात. ‘फ्रीरेन’ मात्र जपानीतच ऐका, तिथे शांततेलाही आवाज आहे. डब म्हणजे कमी दर्जा असं मुळीच नाही. १९८९ ची जपानी ‘जंगल बुक’ दूरदर्शनवर आली तेव्हा शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता, आणि गुलजार-विशाल भारद्वाज यांचं शीर्षकगीत तर हिंदीसाठीच केलेलं. जपानमध्ये ते गाणं नव्हतंच.

शेवटचा, ‘दांदादान’चा सातवा. सायन्स सारू स्टुडिओ, २०२४. आईबापांना सांगून ठेवतो, ही लहान मुलांची मालिका नाही. पहिल्याच भागात परग्रहवासी नायिकेचे कपडे काढतात तो प्रसंग नकोसा आहे, आणि तो तसा दाखवायची गरज नव्हती असं माझं स्पष्ट मत आहे. सातव्यात आयरा नावाच्या मुलीमागे लागलेल्या भुताची पूर्वकथा येते. कर्जात बुडालेली एक आई, तिची लहान मुलगी, दोघींचा नाच, मग मुलीला उचलून नेणारे वसुलीवाले. बहुतेक काम चित्र आणि केन्सुके उशिओ यांचं संगीतच करतं, बोलणं फार थोडं. सुरुवातीच्या धांगडधिंग्यानंतर मालिका इतकी गप्प होईल असं वाटत नाही, आणि म्हणूनच ते लागतं. सातवा भाग नुसता उचलून पाहू नका, आयरा कोण हेच कळणार नाही. पाचव्यापासून सुरू करा, सातव्यावर थांबा. आठवा दुसऱ्या दिवशी. नमस्कार.