लाल पेनातले 'के'

नमस्कार, श्रोतेहो.

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे आणि बेसबॉल खेळतो. हे सांगितलं की नागपुरात पहिला प्रश्न ठरलेला, "काहून बाप्पा, क्रिकेट सोडून हे काय खेळून राहिला?" दुसरा, "दहावीला क्रीडागुण मिळतात ना याचे?" पहिल्यावर मी हसते. दुसऱ्यावर गप्प बसते, कारण तो माझ्याही डोक्यात होताच.

बेसबॉलच्या स्कोअरवहीत फलंदाज तीन स्ट्राइकवर, म्हणजे मारण्याजोगे चेंडू हुकवून किंवा सोडून, बाद झाला की इंग्रजी 'के' लिहितात. बॅट न फिरवता नुसता बघत उभा राहिला, तर तोच 'के' उलटा. हे कळलं आणि मी किराण्याच्या हिशेबाची वही या कामाला लावली. 'के' लाल पेनाने. हिवाळ्यात एका सामन्यात तीन झाले, त्यातला एक उलटा. परतताना स्कूटीवर माझं झिरो माइलला सुरू झालं ते घर येईपर्यंत: खांदा असा नको, नजर कुठे होती, पाय का हलला. मागून हूं की चूं नाही. चप्पल काढताना म्हणाला, "आई, वही नको आणत जाऊ ना."

मला आधी रागच आला. उन्हाळ्यात पहाटे साडेपाचला उठून याला मैदानावर सोडायचं मी, आणि वही नको म्हणे!

मग रात्री बेब रूथ या अमेरिकेतल्या नावाजलेल्या बेसबॉलपटूचे आकडे बघितले. होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके, ७१४. आणि त्याच माणसाच्या नावावर 'के' १३३०. दुसरा मोठा फलंदाज टेड विल्यम्स, त्याची १९४१ ची सरासरी .४०६, म्हणजे हजारात ४०६ हिट; त्यानंतर त्याच्या अमेरिकन लीग या स्पर्धेत पूर्ण हंगाम खेळून कुणी .४०० गाठलेली नाही. म्हणजे तोसुद्धा दहातल्या जवळपास सहा वेळा हिटशिवायच परतला. आणि मी सातवीतल्या पोराचे तीन मोजत बसले होते.

मोजायला हवं होतं ते राहूनच गेलं होतं. माझा मुलगा पिचिंगही करतो, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकतो; एक फेक म्हणजे एक पिच. अमेरिकेतल्या लिटल लीग या मुलांच्या बेसबॉलमध्ये अकरा-बारा वर्षांच्या मुलाला दिवसाला ८५ पिचच्या वर टाकू देत नाहीत. ६६ किंवा जास्त झाले तर चार दिवस विश्रांती, ५१ ते ६५ ला तीन. या वयात कोपराजवळची हाडं अजून वाढत असतात, तिथली कुर्चा कोवळी असते. आमच्याकडे शनिवार-रविवार लागोपाठ सामने, रात्री हा कोपर चोळत बसायचा, आणि मी म्हणायची, "अभ्यास टाळायची नाटकं."

वही अजून नेते, पण त्याला विचारून. आता पेन्सिलने नुसत्या उभ्या रेघा, पिचच्या. परवा सामना हरले. घामाघूम येऊन त्याने विचारलं, "किती झाले?"

"बासष्ट."

"म्हणजे तीन दिवस सुट्टी!" ग्लोव्ह माझ्या हातात कोंबला आणि तर्रीपोह्याच्या ठेल्याकडे पळाला.