टिकलीखालचा दिवा

(दृश्य: पहाटेचा अंधार. डॅशबोर्ड अगदी जवळून. काट्यांच्या शेजारी एक लाल टिकली चिकटवलेली.)

ही टिकली घरातल्या आरशावरची. गाडीमालकाने, म्हणजे मामांनी, ती काढून इथं लावली, कारण तिच्याखाली एक पिवळा दिवा आहे. इंजिनाच्या आकाराचा. दीड वर्षापासून तो लागतो, विझतो आणि पुन्हा लागतो. रात्रीच्या ड्रायव्हिंगला डोळ्यांत खुपायला लागला, तेव्हा मामांनी त्याला कुंकू लावलं.

(दृश्य: टोमॅटोचे क्रेट भरले जात आहेत.)

गाडी २०१४ सालची, डिझेल पिकअप. नारायणगावला माल भरायचा आणि ओतूर, माळशेज, मुरबाड करत कल्याण गाठायचं. येताना रिकामे क्रेट, आणि नशीब असेल तर थोडं किराण्याचं भाडं.

या दिव्यापायी आजवर हवेचा सेन्सर बदलून झाला. डिझेल फिल्टर दोनदा. कोणी नॉझल काढायला सांगितले, कोणी टर्बोच गेला म्हणून सांगितलं. प्रत्येक ठिकाणी शेवट मात्र सारखा: स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, लावला, बटण दाबलं, “गेली बघा लाइट.” चार-आठ दिवसांत ती परत हजर.

(दृश्य: हमरस्त्यालगतचं गॅरेज. बॉनेट उघडं.)

हे मेस्त्री स्कॅनरला हात लावायच्या आधी स्टुलावर बसले.

“मामा, लाइट जाताना लागते का येताना?”

“येताना. मोरोशी सोडली, घाट सुरू झाला की.”

“आणि जाताना माल किती?”

“फुल्ल. येताना अर्धी पण नसते गाडी.”

मेस्त्री हसले. अर्धं निदान इथंच झालं होतं. गाडी भरलेली असते तेव्हा ती घाट उतरत असते. ॲक्सिलरेटरवर पाय जेमतेम, टर्बोला फारसं काम नाही. परतीला वजन कमी, पण चढ आहे. तिथं टर्बोला हवा दाबून इंजिनात कोंबावीच लागते. म्हणजे दुखणं वजनाचं नव्हतं, दाबाचं होतं.

(दृश्य: स्टिअरिंगखालचं सॉकेट. त्यात स्कॅनरचा कपलर बसतो.)

स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं हे सॉकेट. आपल्याकडे मोठ्या शहरांत बीएस फोर, म्हणजे धुराचा नवा सरकारी मापदंड, आलं तेव्हा, २०१० पासून, गाडीने स्वतःच्या धुरावर स्वतः नजर ठेवायची हा नियम सुरू झाला. एप्रिल २०१३ पासून तो आणखी कडक झाला. त्यामुळे या पिकअपच्या पोटात एक वहीच आहे म्हणा ना. बिघाड दिसला की ती नुसता दिवा लावत नाही, नोंद करते.

स्क्रीनवर बिघाडाचे दोन कोड. पी ०२९९, टर्बोचा दाब कमी. पी ०४०१, ईजीआरमधून धूर पुरेसा येत नाही.

आता पाहा. मेस्त्रींनी डिलीटचं बटण दाबलं नाही. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली.

कोड पडला त्या क्षणाची स्थिती कॉम्प्युटर गोठवून ठेवतो. वेग ४४. आरपीएम २,१००. इंजिनावर लोड ९४ टक्के. पाणी ८६ अंश. मेस्त्री म्हणाले, “हा घाटाचा फोटो आहे.” मामांनी तोंडी सांगितलं तेच. फरक एवढाच की आता ते गाडीने सांगितलं होतं.

कोड पुसला की हा फोटोही पुसला जातो. बॅटरीची वायर काढून ठेवली तरी बहुतेक गाड्यांत तेच होतं. दीड वर्षात किती वेळा पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढली गेली, याचा हिशेब मामांनी बोटांवर केला. पाचवर थांबले.

(दृश्य: ईजीआरचे बोल्ट सुटतात. गॅस्केटमागून पत्र्याचा तुकडा निघतो.)

दुसरा कोड लवकर उलगडला. ईजीआरच्या तोंडावर ऑइलच्या डब्याचा पत्रा कापून बसवलेला! अमुक कंपनीचं नाव अजून वाचता येतंय, ते आम्ही दाखवत नाही. ईजीआर सायलेन्सरकडे चाललेला थोडा धूर परत इंजिनात सोडतो, म्हणजे आतली आग जरा थंड राहते आणि विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. “काजळी धरते, पत्रा मारून टाका” हा सल्ला हमरस्त्यावर फुकट मिळतो. पत्रा मारला आणि एका कोडाचे दोन झाले. पहिला आजार होता, दुसरा औषधाचा.

पत्रा निघाला, काजळी खरवडली. आता मूळ दुखणं.

किल्ली फिरवली, इंजिन बंदच. दाबाचा सेन्सर दाखवतो ९४. समुद्रकाठी हवेचा दाब १०१ किलोपास्कलच्या आसपास असतो, इथं घाटमाथ्यावर थोडा कमी. म्हणजे सेन्सर खरं बोलतोय. या एका चाचणीला एक रुपया लागला नाही. सेन्सरवर संशय असलाच, तर तो आधी असा तपासायचा असतो.

मग मेस्त्री मामांच्या शेजारी बसून चढावर गेले. कॉम्प्युटर मागतोय २१०, मिळतात १५५. हवा दाबली जातेय, पण वाटेत कुठंतरी पळतेय.

(दृश्य: पीव्हीसी पाइपच्या टोपणाला ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलाय. ही वस्तू दुकानात मिळत नाही.)

जागेवर इंजिन रेज करून ही गळती सापडत नाही, लोडशिवाय पुरेसा दाबच होत नाही. म्हणून हवेच्या वाटेची दोन्ही तोंडं बंद केली आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने हवा सोडली. एक बारच्या आत, जपून. वर साबणाचं पाणी.

सुरुवातीला काहीच नाही. मग टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या अंगाला, जिथं वाकून आरसा धरल्याशिवाय दिसत नाही, एक बुडबुडा आला. मागोमाग फेस.

(दृश्य: पाइप बाहेर. अंगठ्याने दाबल्यावर चीर ओठासारखी उघडते.)

ब्रॅकेटवर घासून घासून पडलेली चीर, दोन बोटं लांब. सोडली की मिटते. तिच्या खाली तेलकट धुळीची बारीक मिशी. इंजिनाच्या श्वासातून आलेलं तेल हवेबरोबर इथून बाहेर पडत होतं आणि त्यावर धूळ बसत होती. दीड वर्षाचा पुरावा तिथंच होता.

एक पाइप, दोन क्लॅम्प, आणि ब्रॅकेटला गुंडाळायला जुन्या ट्यूबचा तुकडा. सगळं स्वतःच्या वहीत उतरवल्यावरच मेस्त्रींनी कोड पुसले.

(दृश्य: गॅरेजमधला फोन वाजतो. मामांचा आवाज, मागे ट्रकचे हॉर्न.)

“मेस्त्री, घाट चढून वर आलो. टिकली काढून ठेवलीय. लाइट नाही लागली.”

“चांगलं आहे. अजून दोन-तीन फेऱ्या मारा मामा. मग बाकीचे पैसे आणा.”