पेनड्राइव्ह गल्लीभर फिरतो

(दृश्य: अमळनेर स्टेशन, सकाळ. भुसावळकडे जाणारी गाडी सुटते.)

बोरीकाठचं अमळनेर. १९४५ साली इथे वनस्पती तुपाचा एक कारखाना निघाला. त्याचीच पुढे विप्रो झाली, देशोदेशीच्या कंपन्यांचे संगणक सांभाळणारी. त्याच गावातल्या या घरात मात्र एक संगणक चार दिवसांपासून क्रोशाच्या झाकणाखाली गप्प आहे.

(दृश्य: किल्ल्यांच्या जुडग्याला लटकलेला निळा पेनड्राइव्ह.)

हा आपला पाहुणा. मुलीच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेला, तिथून मामाच्या लग्नाचे फोटो आणायला स्टुडिओत. घरी आला तेव्हा त्यातल्या प्रत्येक फोल्डरच्या कोपऱ्यात छोटा बाण होता. १९८६ साली लाहोरमधून निघालेला ‘ब्रेन’ व्हायरसही असाच हातोहात फिरला होता, फ्लॉपीवरून.

(दृश्य: मॉनिटर, जवळून. बाणावर बोट.)

बाण म्हणजे शॉर्टकट. खरे फोल्डर तिथेच आहेत, व्हायरसने ते फक्त लपवलेत आणि त्याच नावाचे तोतये पुढे उभे केलेत. तोतयावर क्लिक केलं की फोल्डर उघडतोही, म्हणून शंका येत नाही. पण मागे एक छोटी स्क्रिप्ट चालते, संगणकात घर करते आणि पुढे लावलेल्या प्रत्येक पेनड्राइव्हवर उतरते.

(दृश्य: दुरुस्तीवाला गाडी लावून आत येतो.)

“बठ्ठं गयं का भाऊ?”
“नही माय, आठेच से.”

त्याचे हात बघा. पेनड्राइव्ह त्याने आधी काढून बाजूला ठेवला. बहुतेक जण इथेच चुकतात. पेनड्राइव्ह साफ करतात, संगणक तसाच राहतो आणि पाच मिनिटांत बाण परत येतात. पहिले मशीन, मंग पेनड्राइव्ह. टास्क मॅनेजरमधून, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या यादीतून, ती स्क्रिप्ट थांबवली. संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्यांच्या, म्हणजे स्टार्टअपच्या यादीतून तिचं नाव काढलं. मग डिफेंडर या विंडोजच्या अँटिव्हायरसचा ऑफलाइन स्कॅन, म्हणजे विंडोज पुरतं जागं व्हायच्या आधीच झडती.

(दृश्य: डिफेंडरची खिडकी.)

खरं तर हा पहारेकरी विंडोजबरोबर फुकटच येतो. पण तो बंद होता. डुप्लिकेट विंडोज चालू करणाऱ्या एका ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ने आधी डिफेंडर बंद करा म्हणून सांगितलं आणि घरच्यांनी ऐकलं. चोराने कुत्रा बांधून ठेवायला सांगावा, तसं हे! अपडेटही बंदच होते. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हे रॅन्समवेअर, म्हणजे फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस, जगभर पसरलं, तेव्हा त्याला अडवणारा अपडेट मार्चमध्येच येऊन पडलेला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता, ते सापडले.

(दृश्य: काळी खिडकी, पांढरी अक्षरं.)

आता पेनड्राइव्हची पाळी. उघडण्याआधी त्याचाही स्कॅन. मग अ‍ॅट्रिब या कमांडची एक ओळ. लपवल्याची खूण पुसली जाते आणि फोल्डर एकेक करून वर येतात. प्रोजेक्ट आला. मामाचं लग्न आलं. आजोबांचा फोल्डर मात्र घरातच कुणीतरी ‘हाच व्हायरस’ म्हणून डिलीट केला होता. पेनड्राइव्हवरचं डिलीट रिसायकल बिनमध्ये जात नाही.

(दृश्य: भिंतीवर आजोबांचा फोटो. निवेदन नाही.)

(दृश्य: नवी एक्स्टर्नल डिस्क, कॉपीची हिरवी पट्टी.)

उरलेले सगळे फोटो आता या डिस्कवर. कॉपी झाली की लगेच केबल काढायची, कारण जोडून ठेवलेल्या डिस्कवरच्या फायलींनाही रॅन्समवेअर कुलूप घालतं. डिस्क कपाटात, शालूच्या घडीत.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं कॅलेंडर.)

दुधाच्या नोंदींशेजारी, पुढच्या महिन्याच्या १ तारखेच्या चौकटीत, मुलीच्या अक्षरात: कॉपी.