अंधाराला अर्धा तास द्या

नमस्कार मंडळी. मी दादरची. गच्चीवरून व्याध दिसायचा, गुरू दिसायचा, आणि आकाश म्हणजे एवढंच असं मी कॉलेजपर्यंत धरून चालले होते. मग एका अमावास्येला मित्रांबरोबर कर्जत लोकल पकडली आणि वांगणीला उतरले. खगोल मंडळासारख्या संस्थांनी कितीतरी मुंबईकरांना खरं आकाश इथेच दाखवलंय. आता वायव्येला बदलापूरकडचा उजेड चढलाय, त्याचं मला फार वाईट वाटतं. तरी जावंच.

नवीन माणूस सतरंजीवर बसतो आणि दहा मिनिटांत म्हणतो, "दादरपेक्षा बरंय." थांबा हो! डोळ्याची बाहुली लगेच मोठी होते, पण मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशींना पूर्ण तयार व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढ्यात कुणी मोबाईल उघडला की सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्यांचंसुद्धा!

(टॉर्च दाखवत) म्हणून हा बघा. साधा टॉर्च, काचेवर लाल जिलेटिन पेपरच्या दोन घड्या आणि रबर बँड. लाल उजेड दंडपेशींना फारसा जाणवत नाही, त्यामुळे नकाशाही वाचता येतो.

डिसेंबरात जा, आकाश स्वच्छ असतं. स्वेटर घ्या, पहाटे दवाने सतरंजी ओली होते. दुर्बीण नसली तरी चालेल, ग्रुपमध्ये कुणीतरी आणतंच.

गेल्या डिसेंबरात आमच्याबरोबर एक काकू पहिल्यांदाच आल्या होत्या. शर्मिष्ठा या तारकासमूहाच्या एम आकारातलं जास्त टोकदार टोक देवयानी दीर्घिकेकडे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच ताऱ्यांच्या एका प्रचंड समूहाकडे, बोट दाखवतं. अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं, आणि तरी नुसत्या डोळ्यांनी दिसते. काकू म्हणाल्या, "कुठे गं? काहीच नाही."

"काकू, तिच्याकडे बघू नका. जरा बाजूला बघा."

नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतातच, त्या कडेला जास्त असतात. काकूंनी नजर किंचित सरकवली आणि माझा हात घट्ट धरला. "अगं, आहे की! कापसाच्या पुसट बोळ्यासारखी. आणि सरळ बघितलं की जातेय!"

तो बोळा म्हणजे फक्त गाभा. अख्खी देवयानी दिसली असती तर सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने मावतील एवढी लांब असती.

थोड्या वेळाने मी चहा घेऊन आले, तर काकू पलीकडच्या सतरंजीवरच्या मुलाला सांगत होत्या, "तिच्याकडे नको रे बघूस. बाजूला बघ."