वळणावर बसून पाहिलेली शर्यत

मंडळी, आंतरराष्ट्रीय मोटार शर्यत कशी असते, हे सांगायला वाचनालयानं मला उभं केलं आहे. मी प्रेक्षक म्हणून गेलो होतो, तेव्हा प्रेक्षकानं तिथं काय पाहावं, एवढंच सांगतो.

२०११ची दिवाळी. भाऊबीज २८ ऑक्टोबरला आणि भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत ३० तारखेच्या रविवारी, दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. ओवाळणी झाली आणि भाच्याला घेऊन मी नागपूरहून रात्रीची गाडी धरली. निघताना वेचून आणलेल्या कापसातली दोन-चार बोंडं घेतली, सरकी काढली आणि कापूस खिशात टाकला. आवाज फार असतो, एवढं ऐकून होतो.

आपल्या शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोडी सुटल्यापासून झेंड्यापर्यंत सगळं डोळ्यासमोर असतं, काही सेकंदांत निकाल. तिथं एक फेरी ५.१२५ किलोमीटरची, १६ वळणं, अशा ६० फेऱ्या आणि २४ गाड्या. आपल्याला दिसतो तो एक तुकडा. दहाव्या मिनिटाला भाचा म्हणाला, "मामा, पुढं कोण हाये तेच समजून नाही राह्यलं!" मोठ्या पडद्यावर क्रमांक येत होते. मी त्याला म्हटलं, पडदा घरीही असतो, तू समोरचं वळण पाह्य.

राजेहो, माझं खरं म्हणणं हेच आहे. तिकीट काढताना लोक सरळ पट्ट्यासमोरची जागा मागतात. तिथं गाडी आली म्हणेपर्यंत गेलेली असते. जागा घ्यावी वळणाची. तिसऱ्या आणि चौथ्या वळणामध्ये एक किलोमीटरहून थोडा जास्त सरळ रस्ता आहे. गाडी ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळत येते आणि चौथ्या वळणावर शंभराच्या खाली उतरते, दोन-तीन सेकंदांत. टीव्हीवर हे कळतच नाही. समोर बसलं की गाडीचं नाक खाली दबताना दिसतं, एकेक गिअर उतरल्याचा वेगळा आवाज येतो. आठ सिलिंडरची ती इंजिनं मिनिटाला १८,००० फेरे घ्यायची. कानात कापूस होता, तरी आवाज बरगड्यांतून आत येत होता.

ट्रॅक नवा होता. गाड्या जायच्या ती रेघ रबरानं काळी पडलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना धूळ. कोणी रेघ सोडली की मागं धुरळा उठायचा, जसा आपल्याकडे वावरातल्या वाटेवर उठतो. सेबास्टियन फेटल हा चालक पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत पुढं होता. तो फेरीमागून फेरी एकाच जागी ब्रेक दाबायचा. मागच्यांची ब्रेक दाबायची जागा सरकत राहायची. कासरा कुठं ओढायचा हे मुरलेल्या धुरकऱ्याला जसं कळतं, तसंच हे. ते पाहायला मला वीस फेऱ्या लागल्या. पुढच्याच वळणावर फेलिपे मासा आणि लुईस हॅमिल्टन या चालकांच्या गाड्या एकमेकींवर घासल्या, तेव्हा दोघांनाही एकच रेघ हवी होती हे भाच्यानं मला समजावलं.

शर्यत सुटण्याआधी सगळं मैदान एक मिनिट उभं राहिलं होतं. त्याच महिन्यात डॅन व्हेल्डन आणि मार्को सिमोनचेली हे दोन शर्यतपटू ट्रॅकवरच्या अपघातांत गेले होते. ती शांतता आणि लगेच २४ इंजिनांचा आवाज, हे मी विसरलो नाही.

आपला नारायण कार्तिकेयन सतरावा आला. त्याची गाडी सगळ्यांत हळू असणाऱ्यांपैकी होती, पण ती वळणावर आली की आमचा स्टँड दर वेळी उभा राहायचा. शेवटचा झेंडा सचिन तेंडुलकरनं दाखवला.

ती शर्यत २०१२ आणि २०१३ला झाली आणि मग थांबली. उत्तर प्रदेश सरकारनं तिला खेळ न मानता करमणूक मानलं, कराचा प्रश्न उभा राहिला. पुढच्याच मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं आपला पटही बंद केला. पट २०२१च्या डिसेंबरात परत आला, २०२३ला घटनापीठानंही त्याला मान्यता दिली. फॉर्म्युला वन अजून परतलेली नाही. पण त्याच २०२३च्या सप्टेंबरात त्या ट्रॅकवर मोटोजीपीच्या मोटारसायकली धावल्या. भाच्याचा फोन आला होता, "मामा, या वेळीही चौथ्या वळणाचंच तिकीट काढू काय?"