वाढत्या अंगाची स्टिक

(दृश्य: पहाटेचा अंधार. रिंकच्या पार्किंगमध्ये गाड्यांचे दिवे. स्वतःएवढी मोठी बॅग ओढत चाललेली मुलं.)

हे मिसिसागा, टोरोंटोच्या शेजारचं शहर. शनिवार, पहाटेचे साडेपाच. बाहेर उणे चौदा आणि आत रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या बंदिस्त मैदानात, पण थंडीच, पण इथे दर शनिवारी हेच चित्र असतं, अर्धवट झोपेतली मुलं, हातात कॉफी धरलेले आईबाप आणि बाकावर बसून कुणाच्या तरी स्केटच्या नाड्या ओढणारी माझ्यासारखी एखादी आई जिने वयाच्या तिशीपर्यंत बर्फ फक्त उसाच्या रसात बघितला होता.

माझी लेक दहा वर्षांची आहे. तिसरं वर्ष हॉकीचं. आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि मेजर ध्यानचंद, इथे नुसतं हॉकी म्हणजे बर्फावरचीच. हा व्हिडिओ तिच्या सामानाबद्दल आहे, आणि त्यातही जास्त करून एका स्टिकबद्दल, जी मी चुकीची घेतली आणि जिच्यामुळे माझ्या लेकीला दोन महिने वाटत राहिलं की आपल्यातच काहीतरी कमी आहे.

(दृश्य: दुकानाची भिंत, ओळीने उभ्या स्टिक, किमतीची लेबलं.)

नाशिकला आमच्या घरी जूनमध्ये शाळेचा गणवेश यायचा तो कायम वाढत्या अंगाचा. फ्रॉकला खालून चार बोटं आत दुमड घातलेली असायची आणि दरवर्षी आई त्यातली थोडी उसवायची, तिसऱ्या वर्षी दुमडीच्या जागचा रंग गडद दिसायचा आणि त्यावरून कळायचं की फ्रॉक किती जुना. बूटही तसेच, पुढे कापूस घालून. पैसे जपून वापरायची ती पद्धत होती आणि ती बरोबरच होती. मी इथे लेकीसाठी सामान घ्यायला निघाले तेव्हा आईचा फोन आला होता, अगं एवढं महागाचं घेतेस तर एक नंबर मोठंच घे, पुढच्या वर्षी होईल. आणि मी तसंच केलं.

दुकानात एक काळी, कार्बन फायबरची स्टिक अर्ध्या किमतीत होती. टॉपच्या स्टिकची पूर्ण किंमत चारशे कॅनेडियन डॉलरच्या आसपास जाते, त्यामुळे अर्धी किंमत बघून कुणाचाही हात पुढे जाईल. त्यावर ६५ हा आकडा छापलेला होता, मला वाटलं मॉडेल नंबर असेल. लांबी जास्त होती, पण कापता येते असं सांगितलं. घरी आलो, तिच्या बाबांनी गॅरेजमध्ये हॅकसॉने वरून जवळजवळ सहा इंच कापली, टोक बसवलं, टेप गुंडाळली. उंची एकदम बरोबर झाली.

आणि मग पक, म्हणजे इथे बॉलऐवजी असते ती चकती, उचललाच जाईना.

नुसता घसरत जायचा, मेल्यासारखा. बरोबरीच्या मुलींचे शॉट गोलकीपरच्या खांद्यापर्यंत जात होते आणि हिचा पक बर्फ सोडत नव्हता. ती घरी तळघरात रोज पन्नास-पन्नास शॉट मारायची. मी तिला दूध, अंडी, सगळं वाढवलं, वाटलं ताकद कमी पडतेय. एक दिवस प्रॅक्टिस संपल्यावर तिच्या कोचने तिला जवळ बोलावलं, स्टिकचं ब्लेड, म्हणजे खालचा चपटा भाग, जमिनीवर टेकवायला लावलं आणि सांगितलं, दोन्ही हातांनी दाब, पूर्ण अंग टाक. तिने टाकलं. स्टिक ढिम्म हलली नाही. मग त्याने दुसऱ्या मुलीची स्टिक दिली, तीही तशीच दाबायला सांगितली, आणि ती मधोमध छान कमानीसारखी वाकली.

(दृश्य: स्लो मोशन. शॉट मारताना वाकणारी शाफ्ट.)

हे नीट बघा. स्लॅप शॉट, म्हणजे स्टिक मागे उचलून जोरात हाणलेला शॉट, मारताना ब्लेड आधी पकला लागत नाही. ते पकच्या थोडं मागे बर्फावर आपटतं, तिथे अडतं, आणि वरून खेळाडूचं वजन येतं त्यामुळे शाफ्ट, म्हणजे स्टिकची लांब दांडी, वाकते. आंब्याची फांदी खाली ओढून एकदम सोडली की कशी सपकन वर जाते, तसंच शाफ्ट सरळ होताना ती साठलेली सगळी ताकद पकमध्ये जाते. पक छोटा दिसतो, तीन इंच व्यास आणि एक इंच जाड, पण ते कडक रबर आहे, वजन १५६ ते १७० ग्रॅम, क्रिकेटच्या बॉलएवढंच म्हणा. तो नुसत्या मनगटाने दहा वर्षांच्या मुलीकडून उडणार नाही. स्टिक वाकलीच पाहिजे.

तो ६५ म्हणजे फ्लेक्स. शाफ्ट एक इंच वाकवायला किती पौंड जोर लागतो, तो आकडा. माझ्या लेकीचं वजन ३२ किलो, म्हणजे साधारण ७० पौंड. आता आम्ही काय केलं बघा, स्टिक कापली. कापली की ती आखूड होते आणि आखूड काठी जास्त ताठ असते, दर इंचाला फ्लेक्स अंदाजे तीन-चारने वाढतो. सहा इंच कापल्यावर तो ६५ चा आकडा ऐंशीच्या पुढे गेला. म्हणजे ती पूर्णच्या पूर्ण स्टिकवर उभी राहिली असती तरी एक इंच वाकवणं अवघड होतं, आणि मी तिला अंडी खाऊ घालत होते.

बऱ्याच स्टिकवर वरच्या टोकाला बारीक रेघा आणि आकडे छापलेले असतात, इथे कापली तर फ्लेक्स एवढा होईल असं सांगणारे. आमच्याही स्टिकवर ते होते. तो तुकडा आम्ही कापून कचऱ्यात टाकला होता.

आता ढोबळ हिशोब इथे सगळे सांगतात तो असा, वजन पौंडात घ्या आणि अर्धं करा, त्याच्या आसपासचा फ्लेक्स बघा. लहान मुलांच्या स्टिक वीस-तीसच्या, ज्युनियर चाळीस-पन्नास, मग इंटरमीडिएट, मग मोठ्यांच्या पंचाहत्तर-पंच्याऐंशीच्या पुढे. हा काही कायदा नाही. एनएचएल या इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगमधला झ्डेनो चारा सहा फूट नऊ इंच उंचीचा होता, तो प्रचंड ताठ स्टिक वापरायचा आणि २०१२ च्या ऑलस्टार स्पर्धेत त्याने ताशी १०८.८ मैल, म्हणजे १७५ किलोमीटर वेगाने पक मारला. उलट एनएचएलमध्येच बारीक चणीचे चांगले चांगले खेळाडू मऊ स्टिकवर खेळलेत. ज्याच्या त्याच्या अंगाला जे वाकतं ते.

(दृश्य: गॅटिनो, नदीकाठचं म्युझियम.)

क्युबेकमधल्या गॅटिनोला, ओटावाच्या समोरच्या काठावर, कॅनेडियन म्युझियम ऑफ हिस्टरी आहे. त्यांनी २०१५ साली एक लाकडी स्टिक तीन लाख डॉलरला घेतली. नोव्हा स्कोशातल्या केप ब्रेटनची, शुगर मेपलच्या एकाच लाकडातून कोरलेली, १८३५ ते १८३८ च्या दरम्यानची, आणि माहीत असलेल्या हॉकी स्टिकमध्ये सगळ्यात जुनी. तिच्या ब्लेडवर डब्ल्यू एम अशी अक्षरं कोरलेली आहेत. ती १८२९ साली जन्मलेल्या विल्यम मोफॅटची मानतात. म्हणजे स्टिक झाली तेव्हा तो पोरगाच असणार, सहा ते नऊ वर्षांचा. मला हे वाचल्यावर फार बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी एका लहान मुलासाठी लाकूड शोधून, कोरून, त्याच्या नावाची स्टिक केली.

नोव्हा स्कोशामध्ये तिथले मूळ रहिवासी असलेले मिगमॉ लोक पिढ्यानपिढ्या अशा स्टिक कोरायचे. झाडाचं मूळ आणि खोड जिथे मिळतं तिथला नैसर्गिक बाक शोधायचा म्हणजे ब्लेडचा कोन लाकडातच मिळतो, जोड लागत नाही. तो कोन म्हणजेच आज ज्याला लाय म्हणतात तो.

लाय बघायची युक्ती सोपी आहे आणि फुकट आहे. महिनाभर खेळल्यावर ब्लेडची टेप कुठे झिजलीय बघा. टाचेकडे, म्हणजे दांडीकडच्या बाजूला, झिजली असेल तर पुढचं टोक वर राहतंय, म्हणजे स्टिक लांब आहे किंवा लायचा आकडा जास्त आहे. टोकाकडे झिजली तर उलटं. मधोमध झिजली तर हात लावू नका. लांबीचं म्हणाल तर अनवाणी उभं राहून नाकापर्यंत, स्केट घालून हनुवटीपर्यंत, इथून सुरुवात करायची.

डावी की उजवी हा घोळ आमच्याकडे क्रिकेटमुळे झाला. उजव्या हाताचा बॅट्समन डावा हात वर धरतो, बाबांनी तसंच धरायला शिकवलं. पण इथे उजवा हात चांगला असणारी कितीतरी मुलं तोच हात वर ठेवतात, कारण स्टिकची दिशा वरचा हात सांभाळतो. कोचने मुलीच्या हातात झाडू दिला, झाड म्हणाला, आणि तिने ज्या बाजूने झाडलं तीच तिची बाजू ठरली.

(दृश्य: ब्लेडचा बाक, वरून.)

ब्लेडच्या बाकाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला शिकागोच्या स्टॅन मिकिटाची स्टिक प्रॅक्टिसमध्ये वाकडी झाली, त्याने वैतागून तशीच पक मारला आणि तो काहीच्या काही उडाला. मग तो आणि बॉबी हल मुद्दाम ब्लेड वाकवायला लागले, गोलकीपर घाबरले, आणि शेवटी लीगने बाकावर मर्यादा घातली. पुढे १९९३ च्या स्टॅनली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, फायनल मालिकेत दुसऱ्या मॅचला लॉस एंजेलिस किंग्ज २-१ ने पुढे, शेवटची पावणेदोन मिनिटं उरलेली, आणि मॉन्ट्रियलचे कोच जॅक डेमर्स यांनी मार्टी मॅकसोर्लीची स्टिक मोजायची मागणी केली. मर्यादा तेव्हा अर्धा इंच. बाक जास्त निघाला, पेनल्टी लागली, म्हणजे किंग्जचा एक खेळाडू बाहेर बसला, मॉन्ट्रियलच्या एरिक देजार्दँने बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये जिंकून पण दिलं. मॉन्ट्रियल तो कप घेऊन गेलं. आज मर्यादा पाऊण इंच आहे.

दुकानात पी ९२, पी ८८, पी २८ असे कोड दिसतात, ते बाकाचेच. मूल शिकत असेल तर कमी बाक घ्या असं माझं मत आहे, जास्त बाकाने पक पटकन उचलतो खरा पण ब्लेडच्या मागच्या बाजूने पास देताना तो निसटतो, आणि ते लहानपणी शिकलं नाही की राहून जातं.

स्टिक चुकली तर शॉट जातो. काही सामान चुकलं तर त्याहून बरंच काही जातं, म्हणून बजेट कमी असेल तर पैसे आधी तिथे घाला.

(दृश्य: स्केट, हेल्मेट, गळ्याचा पट्टा, एकेक टेबलावर.)

स्केट. इथे तर वाढत्या अंगाचं अजिबात नाही. नेहमीच्या बुटापेक्षा एक ते दीड नंबर लहान येतात. नाड्या बांधून सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम लागली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की मागे सरकली पाहिजेत, टाच आत हलता कामा नये. मोठे स्केट घातलेलं मूल लगेच ओळखू येतं, घोटे आत पडलेले असतात आणि ते बर्फावर चालत असतं. स्केट सेकंडहँड घेतले तरी चालतात, फक्त पातं किती शिल्लक आहे ते बघा.

हेल्मेट मात्र जुनं नको. त्याने आधी किती मार खाल्लाय ते बाहेरून कळत नाही. सीएसए या कॅनडातल्या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं स्टिकर आहे का बघा, डोकं गदागदा हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे, मागाहून नाही. व्हर्जिनिया टेक युनिव्हर्सिटीने २०१५ मध्ये ३२ हॉकी हेल्मेट तपासली होती आणि एकालाही पाच स्टार मिळाले नव्हते. तेव्हापासून ते रेटिंग बघूनच घेणारे आईबाप बरेच आहेत, मीही त्यातलीच.

आणि गळा. २८ ऑक्टोबर २०२३ ला इंग्लंडमध्ये शेफिल्डला मॅच चालू असताना नॉटिंगहम पँथर्सच्या ॲडम जॉन्सनला दुसऱ्या खेळाडूच्या स्केटचं पातं गळ्याला लागलं. तो २९ वर्षांचा होता. तो गेला. त्यानंतर आंतरराष्ट्रीय फेडरेशनने आपल्या स्पर्धांमध्ये गळ्याचं संरक्षण सक्तीचं केलं. कॅनडात लहान मुलांना ते त्याआधीपासून सक्तीचं आहे, पण मुलं कुरकुरतात, गरम होतं, टोचतं. मी रोज स्वतः हात लावून बघते. पट्टा सैल असेल, खाली सरकत असेल, तर तो मोठा आहे, बदला.

(दृश्य: लेह, गोठलेली रिंक, मागे डोंगर.)

भारतातही बर्फावरची हॉकी आहे, लेहमध्ये, साडेतीन हजार मीटर उंचीवर, नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो तेवढ्यात. तिथल्या मुलींनी सुरुवातीची वर्षं दान आलेल्या आणि उसन्या सामानावर काढली. मापाचं मिळेलच असं नाही, मिळेल ते माप आपलं. तशा अवस्थेत २०१६ मध्ये तैपेईला भारताची महिला टीम पहिल्यांदा बाहेर खेळली, २०१७ मध्ये बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ ने हरवून पहिली मॅच जिंकली. २०१८ मध्ये कॅनडाची हेली विकनहायझर, ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं असलेली, स्वतः सामान घेऊन लेहला गेली. आणि २०२५ मध्ये याच टीमने आशिया कपमध्ये ब्राँझ आणलं. ते ऐकलं तेव्हा मी आणि लेक दोघी सोफ्यावर उभ्या राहून टाळ्या वाजवत होतो.

(दृश्य: परत मिसिसागाची रिंक.)

कोचने सांगितल्यावर आम्ही दुसऱ्याच दिवशी जुन्या सामानाच्या दुकानातून ज्युनियर स्टिक आणली, फ्लेक्स ४०, पंचवीस डॉलर. घेताना टेप पूर्ण काढून ब्लेडला चीर आहे का बघितलं, शाफ्टवरून नख फिरवलं, हलकं दाबून कुठे कट्कट् वाजतंय का ऐकलं. शाफ्टही बारीक, तिची बोटं पूर्ण भोवती बसली. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात एक पक उडाला आणि वरच्या जाळीला लागला, आणि ती गोलकडे न बघता काचेकडे वळली, मी कुठे बसलेय ते शोधायला.

गेल्या महिन्यात आईने नाशिकहून स्वेटर विणून पाठवला. भरपूर मोठा, बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात. पण मॅचनंतर अंगातले शोल्डर पॅड न काढताच तो वरून घालता येतो, बाह्या न दुमडता. तशीच ती गाडीपर्यंत जाते, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात ती पंचवीस डॉलरची स्टिक.