प्रवासातले जुलाब आणि पट्टीतल्या चार गोळ्या

एसटी स्थानकासमोरच्या औषधाच्या दुकानात आलेला हा प्रवासी सकाळपासून पाच वेळा शौचाला जाऊन आला आहे. तो "जुलाबाची गोळी द्या" एवढेच म्हणतो आणि दुकानदार चिठ्ठी न मागता, पट्टीतल्या चार गोळ्या कात्रीने कापून त्याच्या हाती ठेवतो.

अशा गोळीत पुष्कळदा दोन औषधे एकत्र असतात : ऑफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक) जिवाणूंसाठी आणि ऑर्निडाझोल मुख्यतः अमीबासारख्या परजीवींसाठी. प्रवासातल्या जुलाबांचे सर्वांत नेहमीचे कारण मात्र ई. कोलाय या जिवाणूचा विष सोडणारा प्रकार हे असते, परजीवी त्या मानाने क्वचितच आढळतात. शिवाय ऑफ्लॉक्सासिनच्या गटाला दक्षिण आशियातले अनेक जिवाणू आता दाद देत नाहीत.

प्रवासी-आरोग्यातील तज्ज्ञांनी २०१७ साली ठरवलेली कसोटी साधी आहे. जुलाब होत असूनही माणूस हिंडूफिरू शकत असेल, तर प्रतिजैविक नको. एक लिटर स्वच्छ पाण्यात ओआरएसची अख्खी पुडी विरघळवून ते पाणी घोट घोट पीत राहावे. अंथरुणातून उठवत नसेल किंवा शौचातून रक्त पडत असेल, तर मात्र प्रतिजैविक हवेच. आपल्याकडे त्यासाठी डॉक्टर सहसा अ‍ॅझिथ्रोमायसिन देतात, प्रौढांना एकदाच १ ग्रॅम किंवा रोज ५०० मिलिग्रॅम असे तीन दिवस. वेळेवर दिलेल्या औषधाने दुखण्याचा सुमारे एक दिवस वाचतो, आणि आजार तीव्र असेल तेव्हा तो दिवस फार मोलाचा असतो.

त्याची किंमत आतड्यात मोजली जाते. फिनलंडमधील संशोधकांनी ४३० प्रवाशांची विष्ठा प्रवासापूर्वी आणि प्रवासानंतर तपासली व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. दक्षिण आशियात जाऊन आलेल्यांपैकी ज्यांना जुलाब झाले नाहीत आणि ज्यांनी प्रतिजैविकही घेतले नाही, त्यांच्यातील २३ टक्क्यांच्या पोटात सेफॅलोस्पोरिन गटातली प्रतिजैविके निकामी करणारे जिवाणू सापडले. जुलाब होऊनही प्रतिजैविक न घेतलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते, तर जुलाब होऊन प्रतिजैविकही घेतलेल्यांत ८० टक्के. औषधाने आतड्यातले नेहमीचे जिवाणू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत हे चिवट जिवाणू ठाण मांडतात.

संध्याकाळपर्यंत या प्रवाशाने दोन गोळ्या घेतल्या आहेत. त्याचे पोट थांबले आहे; बहुधा ते आपसूकही थांबले असते. उरलेल्या दोन गोळ्या त्याने पुढच्या प्रवासासाठी पिशवीच्या आतल्या कप्प्यात जपून ठेवल्या आहेत.